उतारवयातलं नैराश्य: "वय झालं" म्हणून सोडून देण्याआधी काय तपासायचं? (नाशिक आणि परिसर)

गोदातीर | सोमवार, रात्री ९:१०

ज्येष्ठांच्या आरोग्याच्या धाग्यावर गुडघे, मोतीबिंदू, प्रोस्टेट यांवर पानंच्या पानं होतात. मनाचा विषय निघाला की दोन प्रतिसादांत "या वयात असं व्हायचंच" म्हणून गुंडाळला जातो. म्हणून हा धागा वेगळा काढतेय.

लासी या देशव्यापी पाहणीच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) साठी ओलांडलेल्यांपैकी ८.३ टक्के लोकांमध्ये नैराश्याच्या आजाराची शक्यता दिसली. डॉक्टरांनी तसं निदान केलेले होते ०.८ टक्के. म्हणजे दहांतल्या एकाच्याच आजाराला नाव मिळालं. बाकीचे नऊ "हल्ली फार चिडचिडे झालेत" या शेऱ्याखाली घरात बसून आहेत.

"मला उदास वाटतं" हे वाक्य या पिढीच्या तोंडी सहसा येत नाही. त्यांची वाक्यं वेगळी असतात. करमत नाही. जीव घाबरल्यासारखा होतो. अन्नावरची वासना उडाली. पोट साफ होत नाही. अंगात त्राणच नाही. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. सकाळ सगळ्यात वाईट जाते, दिवस कलला की जरा बरं वाटतं. तक्रार शरीराची असते म्हणून घरचे पोटाच्या डॉक्टरकडे नेतात, सोनोग्राफी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि "काही झालेलं नाही, उगाच करतात" असा निकाल लागतो.

माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे आवड सुटणं. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस घडी मोडत नाही. तुळशीला पाणी घालायचं राहून जातं. नातवाचा फोन आला की "तूच बोल" म्हणून पुढे करतात. दुसरी खूण वजन: साठ किलोचा माणूस महिन्यात काही न करता तीन किलो उतरला तर ते पाच टक्के झाले, तेवढं दखल घ्यायला पुरेसं आहे. अशी लक्षणं दोन आठवडे, बहुतेक दिवस आणि दिवसाचा बराच वेळ टिकली तर आजार समजूनच पुढे जायचं.

घरी विचारायचे प्रश्न दोनच. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का? मन खचल्यासारखं, आता पुढे काही नाही असं वाटतंय का? एकाचंही उत्तर "हो, बरेच दिवस" आलं तर पुढची पायरी म्हणजे ज्येष्ठांसाठीची पंधरा प्रश्नांची चाचणी. जी.डी.एस. म्हणतात तिला, उत्तरं फक्त हो किंवा नाही. पाच किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना दाखवायचं. दहाच्या पुढे गेले तर थांबायचंच नाही. चाचणीने निदान होत नाही, फक्त दार कुठलं ठोठवायचं ते कळतं.

प्रश्न एकटं असताना विचारा. सून किंवा मुलगा समोर बसला असेल तर सगळी उत्तरं "मजेत" येतात. आणि कानाचं यंत्र असेल तर ते आधी लावायला सांगा.

औषधपेटी | सोमवार, रात्री १०:०२

मी औषधांच्या बाजूने लिहितो. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याआधी घरातली औषधांची पिशवी टेबलावर पालथी करा. सगळ्या स्ट्रिप, आयुर्वेदिक पुड्या, डोळ्यांचे थेंबसुद्धा. तीन-तीन डॉक्टरांची चिठ्ठी चालू असते आणि कुणालाच दुसऱ्याची माहिती नसते.

पहिली शोधायची गोष्ट: गॅसची गोळी. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलच्या जोडीला "लेव्होसल्पिराइड" लिहिलंय का? हे औषध म्हाताऱ्या माणसाने महिनोन्महिने घेतलं तर चाल मंदावते, चेहरा थिजल्यासारखा होतो, हात थरथरतात, बोलणं हळू होतं. घरचे म्हणतात बाबा गप्प गप्प झालेत. पोटासाठी दोन आठवड्यांची म्हणून दिलेली गोळी दोन वर्षं रिपीट होत राहते. ती बंद केल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत फरक पडतो.

दुसरी: चक्कर किंवा अर्धशिशीसाठी दिलेलं फ्लुनारिझिन. याने मंदपणा तर येतोच, खरंखुरं नैराश्यही येतं. चक्करवरचं सिनारिझिनही तसंच, त्याने हातपाय जड होतात.

तिसरी: दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी चालू असलेलं स्टेरॉइड. मनःस्थिती वर-खाली करतं, पण हे कधीही एकदम बंद करायचं नाही.

चौथी: झोपेची गोळी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. नैराश्याची झोप उडालेली असते, गोळीने ती तेवढ्यापुरती येते आणि मूळ आजार खाली तसाच वाढत राहतो. वर रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं.

पंचवटीकर | सोमवार, रात्री १०:२०

म्हणजे झोपेची गोळी आजपासून बंदच केलेली बरी ना?

औषधपेटी | सोमवार, रात्री १०:२८

अजिबात नाही. वर लिहायला हवं होतं, राहिलं. महिनोन्महिने चालू असलेली अल्प्राझोलाम एका रात्रीत थांबवली तर घाम, थरथर, भ्रम, प्रसंगी फिट येते. डॉक्टर दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करतात, कधी पाव गोळीच्या टप्प्याने. पूर्ण सुटायला चार-सहा महिने लागले तरी चालतील.

सिडको_क्षमा | मंगळवार, सकाळी ७:४५

रक्ताच्या तपासण्यांचं लिहिते, कारण याच पायरीला सगळे घाई करतात. हिमोग्लोबिन, टी.एस.एच. (थायरॉइडची तपासणी), बी-१२, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, कॅल्शियम. जमलं तर ड जीवनसत्त्व.

थायरॉइड मंदावलं की थकवा, बद्धकोष्ठता, थंडी वाजणं, विसरभोळेपणा. यादी नैराश्याचीच वाटते. बी-१२ आपल्याकडे शाकाहारी घरांत आधीच कमी, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोल चालू असेल तर आणखी खाली जातं. पायांना मुंग्या, चालताना जमीन नीट न लागणं, जीभ लाल आणि गुळगुळीत, अशा खुणा सोबत असतील तर आधी हेच बघा. इंजेक्शनं सुरू करण्याआधी रक्त द्या, नंतर दिलं तर आकडा फुगलेला येतो आणि काहीच कळत नाही.

कमतरता सापडली म्हणून नैराश्य नाहीच असंही समजू नका. दोन्ही एकत्र असू शकतात. बी-१२ भरून निघालं तरी महिना-दीड महिन्यात मन उचललं नाही तर पुढचे उपचार हवेतच.

उपनगरचा_वाचक | मंगळवार, दुपारी १:१५

स्मृतिभ्रंश आणि नैराश्य यात घरच्या माणसाने फरक कसा ओळखायचा? दोन्हीत विसरतात.

गोदातीर | मंगळवार, रात्री ८:५०

चांगला प्रश्न. दोन नव्हे, तीन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत.

नैराश्यात सुरुवात साधारण सांगता येते: "दिवाळीपासून असं चाललंय." विसरण्याची तक्रार माणूस स्वतःच करतो. प्रश्न विचारला की प्रयत्न न करता "माहीत नाही" म्हणतो, पण थोडा वेळ दिला, आधार दिला तर उत्तर बरोबर येतं.

स्मृतिभ्रंशात सुरुवात कधी झाली ते कुणालाच नेमकं सांगता येत नाही, वर्ष-दोन वर्षं मागे जावं लागतं. तक्रार घरचे करतात, माणूस स्वतः झाकतो. आज वार कोणता विचारलं तर "आता रिटायर माणसाला वाराचं काय" म्हणून टाळतो, किंवा चुकीचं उत्तर ठामपणे देतो. भाजीत मीठ दोनदा पडतं, नेहमीच्या गल्लीत वाट चुकते.

तिसरी गोष्ट सगळ्यात तातडीची, आणि तीच "मनाचं काहीतरी" म्हणून घरी ठेवली जाते. काल बरा असलेला माणूस आज असंबद्ध बोलतो, दिवसा झोपतो, रात्री उठून "मला घरी जायचंय" म्हणतो, तासातासाला बदलतो. याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. मागे लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम उतरणं, लघवी तुंबणं, नवीन औषध, असं शरीरातलं कारण असतं. ताप असेलच असं नाही. मानसोपचाराची अपॉइंटमेंट शोधत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आणि हे नेहमी बडबडंच असतं असं नाही. एकदम सुस्त, गप्प पडून राहणं हाही त्याचाच प्रकार, आणि तो नैराश्य समजून हमखास निसटतो.

उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य बरं झालं तरी स्मरणशक्तीची तपासणी सहा-आठ महिन्यांनी पुन्हा करून घ्या. काहींमध्ये असं नैराश्य स्मृतिभ्रंशाची आगाऊ खूण असतं.

पंचवटीकर | मंगळवार, रात्री ९:३०

जायलाच तयार नसतील तर? "मी वेडा नाही" इथेच गाडी अडते. गोळी चहातून किंवा वरणातून दिली तर चालेल का?

रविवार_कारंजा | मंगळवार, रात्री १०:०५

नाही, चालणार नाही. समुपदेशनाच्या कामात याचे परिणाम दिसतात, म्हणून स्पष्ट लिहिते. शुद्धीवरच्या, समज असलेल्या माणसाला न सांगता औषध देणं म्हणजे त्याचा हक्क डावलणं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात संमतीला फार जागा दिली आहे. व्यवहारातही उलटतं: एकदा कळलं की माणूस घरचं जेवण नाकारतो, आणि शिवाय दुसऱ्या कुणी तीच गोळी उघडपणे देऊन डबल डोस होण्याचा धोका.

त्याऐवजी त्यांना ज्याचा त्रास होतोय तिथून सुरुवात करा. "तुम्हाला वेड लागलंय" असं कुणीच म्हणत नाही. "पहाटे तीनला जाग येते ना, त्यासाठी दाखवू" हे खरंही आहे आणि त्यांना पटतंही. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना आधी एकट्याने भेटून सांगा. वीस वर्षं ओळखणाऱ्या डॉक्टरांनी "एकदा दाखवून या" म्हटलं तर या पिढीत ते शब्द मोडत नाहीत. पहिली औषधं तेही सुरू करू शकतात.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सोय त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात आहे. तालुक्यांत पथक ठरावीक दिवशी जातं, तो दिवस ग्रामीण रुग्णालयात विचारून मगच निघा. आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातही मानसोपचार विभाग आहे. येवला, कळवण, सिन्नरहून येणाऱ्यांसाठी: ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. वय दाखवणारं ओळखपत्र जवळ ठेवा.

दारातून बाहेर पाय पडतच नसेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. पेन्शन, घरातला छळ, वृद्धाश्रमाची माहिती यांसाठी एल्डरलाइन वेगळी आहे, १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ.

औषधपेटी | बुधवार, सकाळी ८:२०

आता नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्यावर काय चुकतं ते. मात्रा समजण्यासाठी लिहितोय, ठरवणार डॉक्टरच.

उतारवयात नियम असा: निम्म्याने सुरू करा, हळू वाढवा, पण अर्ध्यावर थांबू नका. सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅमने सुरू होऊन आठवड्याभरात ५० वर जाते. एस्सिटालोप्रॅम ५ ने सुरू, आणि पासष्टीनंतर साधारण १० च्या वर नेत नाहीत, कारण हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होतो. हृदयविकार असेल तर आधी ईसीजी. भूक आणि झोप दोन्ही गेलेल्या, वजन उतरलेल्या माणसाला मिर्टाझापिन ७.५ रात्री देतात.

पहिले दहा-बारा दिवस मळमळ, पातळ शौच, थोडी बेचैनी. नाश्त्यानंतर घेतली तर बरीच कमी होते. बहुतेक जण नेमकी इथेच गोळी सोडतात, कारण त्रास पहिल्या आठवड्यात जाणवतो आणि गुण चौथ्या-सहाव्या आठवड्यात. सत्तरीनंतर आठ ते बारा आठवडेही लागतात. आधी झोप-भूक सुधारते, मग घरच्यांना फरक दिसतो, आणि माणसाला स्वतःला "बरं वाटतंय" हे सगळ्यात शेवटी. हा क्रम आधीच सांगून ठेवला तर गोळी टिकते.

आता सोडियम. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं. त्यात नैराश्याची गोळी आली की रक्तातलं सोडियम उतरू शकतं. सामान्य १३५ ते १४५. घसरलं की डोकं दुखणं, मळमळ, अडखळत चालणं, गोंधळ, पडणं. घरचे समजतात नैराश्य वाढलं आणि डोस वाढवून मागतात! सुरू करण्याआधी एकदा आणि दोन आठवड्यांनी एकदा सोडियम करा. स्वस्त तपासणी आहे.

गुडघ्यांसाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते आणि नैराश्याची गोळी एकत्र घातक ठरू शकतात: थरथर, घाम, ताप, गोंधळ. ॲस्पिरिन किंवा वेदनाशामकं सोबत असतील तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, काळी शौच दिसली तर लगेच दाखवा. आणि जुन्या चिठ्ठीवरची ॲमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरची जुन्या प्रकारची गोळी) पुन्हा सुरू करू नका. प्रोस्टेट असलेल्याची लघवी तुंबते, काचबिंदू बिघडतो.

बरं वाटलं की गोळी बंद, ही शेवटची चूक. पूर्ण बरं वाटल्यापासून सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, मग हळूहळू उतरवतात. या गोळ्यांची नशा नाही, वर लिहिलेल्या झोपेच्या गोळ्यांसारखी सवयही लागत नाही.

द्राक्षबाग | बुधवार, दुपारी ३:४०

सगळं गोळ्यांवरच चाललंय. सकाळी गोदाकाठी फिरणं, हरिपाठ, मंडळाचं भजन याने माणूस उभा राहतो. आपले लोक पिढ्यान् पिढ्या असेच सावरलेत.

रविवार_कारंजा | बुधवार, रात्री ९:००

भजनाला विरोध नाहीच. उलट सौम्य नैराश्यात तोच उपचाराचा कणा ठरू शकतो. गोव्यात साठीच्या वरच्या १८१ लोकांवर एक अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य लक्षणं असलेल्यांना गावातल्याच प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांनी अडचण सोडवण्याची रीत, झोपेची शिस्त, मधुमेह-बीपीची काळजी एवढंच शिकवलं. वर्षभरात आजार पूर्ण वाढला तो त्यांच्यातल्या ४.४ टक्के लोकांमध्ये, नेहमीची देखभाल मिळालेल्यांमध्ये १४.४ टक्के.

पण मध्यम किंवा तीव्र आजारात माणसाला भजनाला जाववतच नाही. त्याला "मन रमवा" म्हणणं म्हणजे मोडक्या पायावर चाला म्हणणं. तिथे औषध आधी. खाणं-पिणं पूर्ण थांबलं असेल तर विजेच्या उपचारांचीही गरज पडते. भूल देऊन, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते उतारवयातही सुरक्षित असतात. भुलीशिवाय देण्यावर कायद्यानेच बंदी आहे.

दिनक्रम कसा लावायचा ते सांगते, कारण इथेही उत्साहाने चुका होतात. मन लागलं की करू, असं म्हणू नका. आधी कृती, मन मागून येतं. पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट, दहा मिनिटांची, रोज त्याच वेळेला. कृषीनगरच्या ट्रॅकची अख्खी फेरी नको, गेटपर्यंत जाऊन परत. तीन दिवस जमलं की पाच मिनिटं वाढवा. दुसऱ्या आठवड्यात एक माणूस जोडा: सावानात (सार्वजनिक वाचनालयात) पेपर वाचायला कुणासोबत तरी, किंवा ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक. तिसऱ्यात एक जबाबदारी. मेथी निवडणं, नातवाची पाढ्यांची उजळणी, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरची नोंद. "तुम्ही बसा, आम्ही करतो" या प्रेमाने माणूस निरुपयोगी होत जातो. संध्याकाळी वहीत काय केलं आणि दहापैकी किती बरं वाटलं, एवढी एक ओळ.

नाशिकच्या थंडीत डिसेंबर-जानेवारीला पहाटेचं फिरणं सुटतं आणि मग मार्च आला तरी सुरू होत नाही. वेळ साडेआठची करा, ऊनही मिळेल.

आणि बाहेर न पडण्याचं खरं कारण विचारा. बरेचदा ते मनाचं नसतंच. लघवी थांबत नाही आणि वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह नाही. ऐकू येत नाही म्हणून चारचौघांत लाज वाटते. कवळी सैल आहे. हे तीन दुरुस्त केले तर अर्धा एकटेपणा सुटतो.

सिडको_क्षमा | गुरुवार, सकाळी ७:३०

जोडीदार गेल्यावरचं दुःख वेगळं. ते लाटांसारखं येतं-जातं, मध्ये आठवणीने हसूही येतं, वर्षश्राद्धाला पुन्हा उसळतं. त्याला गोळी लागत नाही. "मीच नालायक, मी कुणाला नकोय" असं सतत सुरू झालं, किंवा जेवण सुटलं, तर वर्ष उलटण्याची वाट बघू नका.

गोदातीर | गुरुवार, रात्री ९:१५

एक अवघड मुद्दा, पण टाळायचा नाही. उतारवयातला आत्महत्येचा प्रयत्न तरुणांपेक्षा जास्त वेळा जिवावर बेततो, कारण शरीर तकलादू असतं आणि आधी कुणाला सांगितलेलं नसतं.

सरळ विचारा: "जगणं नको वाटतंय का? जीव संपवावा असं मनात येतं का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट ओझं हलकं होतं. "देवाने आता न्यावं" हे बऱ्याच म्हाताऱ्यांच्या तोंडी असतं, त्यावर थांबून पुढचा प्रश्न विचारा: "म्हणजे स्वतः काही करावं असं?" उत्तर हो असेल किंवा कसं करायचं हे ठरवलेलं असेल तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर. रात्र असेल तर तातडीचा विभाग, १४४१६ किंवा ११२.

निफाड-दिंडोरीकडच्यांना विनंती: फवारणीची औषधं घरात किंवा उघड्या शेडमध्ये नकोत. कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. घरातल्या गोळ्याही एका वेळी आठवड्यापुरत्याच हाताशी. पोलीस केसच्या भीतीने कुणी दवाखाना टाळू नये. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न तीव्र ताणाखाली झाला असं गृहीत धरलं जातं, शिक्षा होत नाही.

द्राक्षबाग | गुरुवार, रात्री ९:५०

कुलपाचं पटलं. शेडला उद्याच बसवतो. भजनाच्या मंडळातही हा धागा वाचून दाखवेन.

उपनगरचा_वाचक | शुक्रवार, सकाळी ११:१०

मुलं पुण्या-बंगळुरूला, आई-वडील इथे दोघंच. फोनवरून काय करता येईल?

रविवार_कारंजा | शुक्रवार, रात्री ८:३०

"जेवलात का" विचारू नका, उत्तर नेहमी "हो" येतं. "आज भाजी कोणती केली, दुधाचं बिल दिलं का, काल कोण आलं होतं" असं विचारा. दोन-तीन दिवस उत्तरं तुटक आली, किंवा भाजी रोज "कालचीच" असली तर शेजाऱ्यांना फोन. व्हिडिओ कॉलवर चेहऱ्यासोबत मागचं घर बघा: भांडी, दिवाबत्ती, कपडे.

गोळ्यांसाठी अठ्ठावीस कप्प्यांचा डबा घ्या, आठवड्याचे सात दिवस आणि दिवसाचे चार वेळ. दर रविवारी व्हिडिओवर त्यांच्याकडूनच भरून घ्या. उरलेल्या गोळ्या मोजल्या की कुठली वेळ चुकते ते कळतं.

पहिल्या भेटीला तुम्ही स्वतः या. सोबत एक कागद: त्रास कधीपासून, वजन आधी किती होतं आणि आता किती, सगळ्या औषधांची नावं मात्रेसकट, आधीचे आजार, घरात कुणाला असा त्रास होता का, दारू-तंबाखू किती. डॉक्टरांना पहिली दहा मिनिटं त्यांच्याशी एकट्याने बोलू द्या आणि तुम्ही बाहेर बसा.